वादळ निवळलं म्हणतात, मग पोरगी बाथटबमध्ये का लपली?

मागच्या अंकात इथल्या चक्रीवादळांच्या, म्हणजे हरिकेनच्या सीझनवर चार ओळी काय लिहिल्या, मेलवर मेल यायला लागल्या. त्यातली निम्मी एकाच गोष्टीवर, की किनाऱ्यावर धडकलेलं वादळ इतकं आत गेल्यावर टोर्नॅडो (जमिनीपर्यंत उतरणारा हवेचा भोवरा) कसं करतं. मी मध्य न्यू जर्सीत राहते, इथल्या नॅशनल वेदर सर्व्हिसचं स्कायवॉर्न म्हणून व्हॉलंटियर ट्रेनिंग असतं ते केलंय, आणि २०२१ चं इडा हरिकेन घरात बसून अनुभवलंय. त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे, उत्तरं जरा लांबतील, सांभाळून घ्या.

ताई, माझी मुलगी साउथ जर्सीत असते. इडा लुइझियानाला धडकलं तेव्हा आम्ही ठाण्यात रात्रभर टीव्हीसमोर होतो, मग 'वादळ निवळलं' अशी बातमी आली म्हणून हुश्श केलं. तीन दिवसांनी पहाटे साडेतीनला तिचा फोन, आई आम्ही बाथटबमध्ये बसलोय, बाहेर टोर्नॅडो आहे. निवळलेलं वादळ परत कुठून आलं? – एक आई, ठाणे

काकू, ते परत आलं नाही, ते गेलंच नव्हतं. निवळला होता तो फक्त वारा.

आपण वादळ मोजतो ते वाऱ्यावरून. कॅटेगरी ४ म्हणा, ५ म्हणा, तो सगळा हिशोब वाऱ्याच्या वेगाचा आहे, पाण्याचा त्यात काडीचाही हिशोब नाही. इडा २९ ऑगस्ट २०२१ ला किनाऱ्यावर आलं (कतरीना आलं तीच तारीख, बरोबर १६ वर्षांनी) तेव्हा वारा होता ताशी २४० किलोमीटर. समुद्राचं कोमट पाणी हे त्याचं इंधन, जमिनीवर आलं की इंधन तुटतं, शिवाय झाडं, घरं, डोंगर यांना घासून वारा मंदावतो, मग हरिकेनचं ट्रॉपिकल स्टॉर्म होतं, मग डिप्रेशन, आणि मग बातम्यांमध्ये म्हणतात 'अवशेष'. इथे आणखी एक बदल होतो जो बाहेरच्यांना माहीत नसतो. मायामीचं हरिकेन सेंटर त्या वादळाचे बुलेटिन द्यायचं थांबवतं आणि ते काम मेरीलँडमधल्या वेदर प्रेडिक्शन सेंटरकडे जातं. म्हणजे वादळावरची नजर काही हटलेली नसते, पण टीव्हीवरचा तो रंगीत नकाशा, मोठ्या अक्षरातलं नाव, सगळं गायब होतं आणि माणसाला वाटतं संपलं.

पण अंगात भरलेली वाफ कुठे जाणार? आणि गोल फिरण्याची खोडही सुटत नाही. इडाचे हे अवशेष दीड-दोन हजार किलोमीटर ईशान्येला सरकत आले आणि १ सप्टेंबरला इथे त्यांना वरच्या हवेतले जेट स्ट्रीमचे जोराचे वारे भेटले, खाली गरम आणि गार हवेची सीमा पसरलेली होतीच. मेक्सिकोच्या आखाताची दमट हवा त्यावर चढली आणि पुढे जे व्हायचं ते झालं. संध्याकाळी साडेसहाच्या आत-बाहेर ग्लॉस्टर काउंटीत मलिका हिल गावातून ईएफ-३ (० ते ५ च्या मापावरचा, जोरदार) टोर्नॅडो गेला, म्हणजे तुमच्याकडे पहाटे साडेतीन-चार, फोनची वेळ अगदी जुळते. त्याचा वारा किती होता माहितीये? ताशी २४० किलोमीटर. किनाऱ्यावर जो आकडा होता तोच, फक्त तिथे मैलोन्‌मैल आणि इथे काहीशे मीटर रुंद पट्ट्यात, साधारण २० किलोमीटर लांब. घरांचे वरचे मजले नाहीसे झाले, डेअरी फार्मचे उंच सायलो चिपाडासारखे आडवे झाले. आणि तरीही तिथे एकही माणूस दगावलं नाही, कारण वॉर्निंग आली आणि लोक तुमच्या मुलीसारखे टबमध्ये, जिन्याखाली, बेसमेंटमध्ये जाऊन बसले. तिने केलं ते शंभर टक्के बरोबर केलं, तिला माझ्याकडून शाबासकी सांगा.

तुम्ही तिकडून एवढंच करा, 'निवळलं' ऐकलं की विचारायचं, वारा निवळला की पाऊस पण? आणि ते चाललंय कुठल्या दिशेला?

मी सायन्सचा विद्यार्थी आहे. टोर्नॅडो तर ओक्लाहोमा, कॅन्ससच्या सपाट भागात होतात असं वाचलं होतं. चक्रीवादळ स्वतःच गोल फिरतं, मग त्याच्या पोटात अजून छोटे भोवरे कसे? – पुणे

समईची वात वळताना पाहिलीयेस का कधी आजीला? खालचा तळवा स्थिर, वरचा तळवा पुढे सरकतो आणि मधला कापूस गोल गोल फिरतो. हवेचं अगदी तसंच. वादळ जमिनीवर आलं की जमिनीलगतचा वारा घर्षणाने मंद होतो, पण किलोमीटर-दोन किलोमीटर वर तो अजून पळतच असतो. खालची हवा हळू, वरची जोरात, मधली हवा आडवी लाटल्यासारखी फिरायला लागते. आता ही आडवी वात कुठल्यातरी ढगाच्या वर चढणाऱ्या हवेने एका टोकाने उचलली की ती उभी होते, आणि उभी होऊन ताणली गेली, बारीक झाली की वेग वाढतो. झाला टोर्नॅडो. म्हणजे वादळाचा मोठा गोल फेरा वेगळा आणि हा भोवरा वेगळा, मोठ्यातून छोटा तुटून पडत नाही.

हे सगळीकडे सारखं नसतं. वादळ ज्या दिशेने चाललंय तिकडे तोंड करून उभा राहा, तुझ्या पुढच्या-उजव्या अंगाला हा प्रकार सगळ्यात जास्त. त्यात दुपारी ढग थोडे फाटून ऊन आलं की जमीन तापते आणि धोका वाढतो, लोकांना मात्र ऊन बघून बरं वाटतं.

ओक्लाहोमाचा टोर्नॅडो आणि हा यात फरक बराच आहे. तिकडचे ढग प्रचंड उंच, गारा, विजा, लांबून दिसणारी सोंड, मैदानात उभं राहून फोटो काढता येतो. आमचे हे ढग बुटके, गारा जवळपास नाहीतच, विजा कमी, आणि भोवरा पावसाच्या पडद्याआड गुंडाळलेला, दिसतच नाही. बहुतेक वेळा कमजोर असतो आणि काही मिनिटांत संपतो, पण तेवढ्यामुळेच पकडायला अवघड. रडारचा किरण जसा लांब जातो तसा जमिनीपासून वर वर जातो, त्यामुळे लांबच्या बुटक्या ढगाच्या तो डोक्यावरूनच निघून जातो. वॉर्निंग आणि टोर्नॅडो यात मग हाताशी वेळ थोडाच उरतो.

आणि एकेका वादळातून किती निघतात बघ. १९६७ च्या ब्यूला हरिकेनने टेक्ससमध्ये शंभरावर टोर्नॅडो केले. २००४ चं आयव्हन १६ सप्टेंबरला अलाबामाच्या किनाऱ्यावर आलं आणि तीनेक दिवसांत मिळून जवळपास १२० झाले, त्यातले ४० च्या आसपास तर दुसऱ्याच दिवशी एकट्या व्हर्जिनियात, जिथून तो किनारा हजारेक किलोमीटर लांब. अगदी अलीकडे जुलै २०२४ मध्ये बेरिल टेक्ससला धडकलं आणि तिसऱ्या दिवशी टोर्नॅडो झाले ते पार वर न्यूयॉर्क राज्यात, कॅनडाच्या सीमेजवळ. त्या बफेलोकडच्या लोकांनी हरिकेनचा विचार तरी केला असेल का?

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात केरीला असतो. २०२४ ला हेलीनच्या वेळी फोनवर टोर्नॅडो वॉर्निंग आली, सांगते बेसमेंटमध्ये जा. थोड्या वेळाने फ्लॅश फ्लडची (अचानक येणाऱ्या पुराची), सांगते वर जा. आई-बाबा भारतातून आलेले, दोघांनाही गुडघ्यांचा त्रास. आम्ही जिन्यात मधेच उभे राहिलो, खरंच कळेना काय करावं. – केरी

तुमचं पत्र वाचून माझा गळा दाटून आला, कारण त्या जिन्यात मी पण उभी होते.

आधी तुमच्याकडचं. हेलीन २६ सप्टेंबरला रात्री फ्लोरिडात आलं, दुसऱ्या दिवशी तुमच्या पूर्वेला रॉकी माउंटला ईएफ-३ टोर्नॅडो झाला आणि पश्चिमेला ॲशव्हिलच्या डोंगरात नद्यांनी गावंच्या गावं नेली. एकाच वादळाने एकाच राज्यात दोन्ही केलं. आणि हे दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच वेळी येणंही इतक्यांदा घडलंय की इथल्या संशोधकांनी त्याला टॉर्फ असं नावच देऊन टाकलंय, टोर्नॅडो आणि फ्लॅश फ्लड मिळून.

आता आमच्या घरचं सांगते. १ सप्टेंबर २०२१, बुधवार. गणपती नऊ दिवसांवर, बेसमेंटमध्ये मखराचं सामान काढून ठेवलेलं. संध्याकाळी फोन किंचाळले, तिघांचे एकदम, तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला माहीत आहे. टोर्नॅडो वॉर्निंग. नवऱ्याने मुलाला उचललं, मी सासूबाईंचा हात धरला, त्या एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरत होत्या आणि मी मनात म्हणत होते, लवकर, लवकर. खाली जाऊन बसलो. दहा मिनिटं झाली असतील, लाइट गेले. आणि लाइट गेल्यावर कोपऱ्यात सतत चालू असणारी एक घरघर बंद झाली, जी आपण कधी ऐकतच नाही, सम्प पंपाची. (भारतातल्या वाचकांसाठी, बेसमेंटच्या जमिनीत एक खड्डा असतो, आजूबाजूचं पाणी त्यात झिरपतं आणि पंप ते बाहेर फेकतो.) मुलगा म्हणाला, आई, कार्पेट गार लागतंय. टॉर्च मारला तर खड्ड्यावरचं झाकण तरंगत होतं आणि पाणी कुठूनही वाहत न येता नुसतं वर येत होतं, गुपचूप. मखराचे थर्माकोलचे खांब भिंतीला लागून हलायला लागले होते. तेवढ्यात फोन परत किंचाळले, फ्लॅश फ्लड. तोपर्यंत पाणी घोट्यापर्यंत. आम्ही वर आलो, सासूबाईंना वर आणायला किती वेळ लागला ते मला विचारू नका.

आमच्याकडे टोर्नॅडो आलाच नाही, पाणी मात्र तीन फूट चढलं. म्हणून मी ज्याला त्याला सांगते ते असं. टोर्नॅडो काही मिनिटांचा खेळ असतो आणि त्या मिनिटांत तो पाण्यापेक्षा जास्त घातक, म्हणून त्याच्यापासून आधी वाचायचं, पण त्यासाठी बेसमेंटच पाहिजे असं नाही. तुमच्या बेसमेंटमध्ये कधीही पाणी आलं असेल, किंवा पंपाला बॅटरी नसेल, तर तळमजल्यावरची सगळ्यात आतली, खिडकी नसलेली जागा धरा, बाथरूम, जिन्याखालचं कपाट, काहीही, घराच्या बाहेरच्या भिंतीपासून जितक्या जास्त भिंती मधे तितकं चांगलं. डोक्याला सायकलचं हेल्मेट, पायात बूट, अंगावर गोधडी. वॉर्निंगची वेळ संपली की लगेच उठायचं आणि पाणी चढत असेल तर वरचा मजला गाठायचा. आणि आई-बाबांना गुडघ्यांचा त्रास असेल तर ही जागा आजच ठरवा, त्यांना एकदा प्रत्यक्ष तिथे नेऊन बसवा. आमच्याकडे आता जिन्याखालच्या कपाटात एक छोटं स्टूल कायम ठेवलेलं असतं, सासूबाईंसाठी.

ज्यांच्याकडे बेसमेंट हेच घर आहे त्यांचं काय, हा प्रश्न मला आजही छळतो. त्याच रात्री न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात एका तासात ८० मिलिमीटर पाऊस झाला, त्याआधीचा तासाचा रेकॉर्ड दहा-अकरा दिवसांपूर्वीचाच होता, तो पार मोडला. न्यूयॉर्क शहरासाठी फ्लॅश फ्लड इमर्जन्सी इतिहासात पहिल्यांदा जाहीर झाली. शहरात १३ माणसं गेली, त्यातली ११ बेसमेंटच्या खोल्यांमध्ये. बहुतेक ठिकाणी कमी भाड्याच्या खोल्या, क्वीन्सकडच्या, बाहेर पडायला रस्ता एकच. दाराबाहेर दोन फूट पाणी साचलं तर त्या दारावर दीडशे किलोच्या आसपास जोर येतो, बाहेरच्या बाजूला उघडणारं दार आतून माणसाला उघडतच नाही. तुमच्या ओळखीत कोणी विद्यार्थी, नवीन आलेलं जोडपं असं बेसमेंटमध्ये राहत असेल तर त्यांना सांगा, पावसाची वॉर्निंग आली की वाट बघू नका, आमच्याकडे झोपायला या. एक रात्र सोफ्यावर काढली तर काही बिघडत नाही.

टोर्नॅडो येताना घराच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात म्हणजे दाब सारखा होऊन घर फुटत नाही, असं व्हॉट्सॲपवर वाचलं. खरं का? – नाशिक

नाही, अजिबात नाही. खिडकी उघडायला जाणारा माणूस काचेजवळ उभा असतो, नेमका जिथे असायला नको तिथे. वारा घरात शिरला की छप्पर आतून ढकललं जातं, ते आणखीच वाईट.

गाडीत असलो तर पुलाखाली थांबावं का? – एडिसन

नको. पुलाखाली वारा आणखी आवळून जोरात वाहतो आणि उडून येणारे पत्रे, फांद्या तिथेच येऊन आदळतात. शिवाय या वादळांमध्ये पुलाखालीच पाणी आधी साचतं. न्यू जर्सीत इडाने जवळपास ३० जीव घेतले आणि त्यातले बरेचसे गाडीत अडकलेले होते, घराच्या ओढीने पाण्यात गाडी घातलेले. पाणी दिसलं की गाडी मागे फिरवायची, कितीही ओळखीचा रस्ता असला तरी.

आमचं घर पार्सिपनीला. इडात झाड पडून छप्पर गेलं त्याचे पैसे इन्शुरन्सने दिले, पण बेसमेंट पूर्ण बुडालं त्याचा एक डॉलर नाही. एकच वादळ, एकच घर, असं कसं? – पार्सिपनी

दादा, तुमच्यासारखेच आमचेही पैसे गेले, म्हणून कळकळीने सांगते. इथली साधी होमओनर्स पॉलिसी वारा बघते, टोर्नॅडो, पडलेलं झाड, उडालेलं छप्पर. बाहेरून जमिनीवरून आलेलं पाणी म्हणजे फ्लड, त्याची पॉलिसीच वेगळी, सरकारच्या नॅशनल फ्लड इन्शुरन्स प्रोग्रॅमची, आणि ती साधारणपणे घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होते. म्हणजे आखातात वादळ दिसल्यावर घेऊन उपयोग नाही. बेसमेंटमधलं सामान, कार्पेट, फर्निचर यातलं तर तीही फार थोडं देते, फर्नेस, बॉयलर अशा गोष्टी धरते. आणि सम्प पंप बंद पडून किंवा गटार उलटं येऊन आलेलं पाणी हा तिसराच प्रकार, त्यासाठी होमओनर्सवर एक जास्तीचं कलम विकत घ्यावं लागतं. मी एजंटला फोनवर विचारलं होतं, 'पाण्याचं कव्हर आहे ना?' तो हो म्हणाला, पण त्याच्या मनातलं पाणी म्हणजे फुटलेला नळ होता. म्हणून प्रश्न नेमका विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आमचं शेत मांजरेकाठी आहे, लातूर जिल्ह्यात. तुम्ही अमेरिकेचं सांगताय पण २०२१ ला आमचं सोयाबीन काढणीला आलेलं असताना असंच झालं. समुद्र आमच्यापासून कुठल्या कुठे. आमच्याकडे पण टोर्नॅडो येऊ शकतो का? – लातूर

भाऊ, तुमचा प्रश्न शेवटी ठेवला कारण मला तोच सगळ्यात जवळचा वाटला, माझं माहेर बीड.

तुमच्याकडे आलं ते गुलाब चक्रीवादळ. २६ सप्टेंबर २०२१ ला ते आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं, आणि मग तेच, 'निवळलं'. निवळत निवळत तेलंगणावरून मराठवाड्यात शिरलं, आणि २७-२८ तारखेला काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, नदीने शेतातली माती सुद्धा खरवडून नेली. इडाने आमचं बेसमेंट बुडवलं त्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता, आणि मी इथून भावाला व्हिडिओ कॉल लावून गुडघाभर पाण्यात आडवं पडलेलं सोयाबीन बघत होते. त्याच्या आदल्या वर्षी पण तसंच, ऑक्टोबर २०२० ला काकीनाड्याला आलेला कमी दाबाचा पट्टा हैदराबाद बुडवून सोलापूर, पंढरपूर करत पुण्यापर्यंत गेला होता.

टोर्नॅडोचं म्हणाल तर आपल्या पठारावर त्याची भीती कमी. अमेरिकेत हे अवशेष उत्तरेला वळतात आणि तिथे त्यांना वरच्या हवेतले जोराचे पश्चिमी वारे भेटतात, वर मी वातीचं सांगितलं ना, तो वरचा तळवा जोरात सरकतो. आपल्याकडे सप्टेंबरात हे मान्सूनच्या हवेतून पश्चिमेला सरकतात, त्या वाऱ्यांच्या वाटेला जातच नाहीत. बंगालमध्ये मात्र झालेलं आहे, मे २०२१ मध्ये यास चक्रीवादळ यायच्या आदल्या दिवशी हुगळीकडे भोवऱ्याने घरं मोडली होती. तुमच्याकडे उन्हाळ्यात उठते ती वावटळ वेगळी, ती तापलेल्या जमिनीतून वर उठते, तिचा वादळाशी संबंध नाही.

तुमचा शत्रू पाणी आहे. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर वादळ धडकलं आणि ते पश्चिमेला सरकतंय असं दिसलं की पुढचे दोन-तीन दिवस तुमचे आहेत असं समजा, विशाखापट्टणमवाल्यांचे संपलेले असले तरी. काढलेलं सोयाबीन शेतात ढीग मारून ठेवू नका, मोटार नदीकाठावरून वर काढा, जनावरं दावणीला बांधलेली नकोत, आणि वरच्या धरणातून किती विसर्ग सोडलाय ते दर काही तासांनी विचारत राहा, रात्रीसुद्धा.

गुलाबचं पुढे काय झालं ते बहुतेकांना माहीत नाही. तुमच्या शेतावरून ते गुजरातकडे गेलं, अरबी समुद्रात उतरलं, कोमट पाणी मिळालं, आणि परत चक्रीवादळ झालं. नाव बदललं, शाहीन. ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या किनाऱ्यावर जाऊन धडकलं.